दंडावरचा पट्टा

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा दुखावला. दुखणे ओसरले, पण ताकद गेली ती गेलीच. फळीवरचा शब्दकोश काढायला मुलीला हाक मारावी लागे. लिहिणाऱ्याला याहून मोठी लाचारी नाही.

स्नायूला बळ यायचे, तर जेमतेम एकदाच उचलता येईल अशा वजनाच्या ७० टक्क्यांच्या आसपास ओझे घ्यावे, असा व्यायामाचा जुना हिशेब. माझ्या खांद्याला ते सोसणार नव्हते. फिजिओथेरपिस्टबाईंनी काखेजवळ दंडाला, रक्तदाब मोजतात तसा पट्टा बांधला, हवा भरली आणि हातात एक किलोचे डंबेल दिले. मला हसू आले. आधी ३० वेळा, मग १५-१५ असे तीनदा, मध्ये अर्ध्या मिनिटाचा विसावा. तिसऱ्या खेपेला हसू मावळले.

पट्ट्यामुळे हातात येणारे रक्त कमी होते, परतणारे अडते. प्राणवायू अपुरा पडला की एरवी जड ओझ्यालाच जागे होणारे जोरकस तंतू हलक्या वजनालाही कामाला लागतात. म्हणून २० ते ३० टक्के वजन पुरते.

ही युक्ती जपानच्या योशिआकी सातो यांची. १९६६ साली एका बौद्ध विधीत गुडघे मोडून बसल्यावर त्यांच्या पोटऱ्या बधिरल्या, व्यायामानंतर फुगतात तशा फुगल्या. त्यावरून त्यांना हे सुचले. नमाजात अशाच बैठकीत माझे उभे आयुष्य गेले. मुंग्या पुष्कळ आल्या, सुचले काहीच नाही!

पण पट्टा दंडावर आणि दुबळा खांदा, हे कसे? मी विचारलेच. पट्ट्याखालचा हात थकला की वरच्या स्नायूंना जादा राबावे लागते, असा एक तर्क. काही प्रयोगांत खांद्याला जास्त लाभ दिसला, काहींत पट्ट्याविना केलेल्या व्यायामाइतकाच.

मात्र घरी सुतळी किंवा ओढणी आवळून हे करू नका. धमनी पूर्ण बंद व्हायला लागेल तो दाब मोजून, हातासाठी साधारण त्याच्या निम्म्यापर्यंतच हवा भरतात. ज्यांना रक्ताच्या गुठळ्या झाल्या आहेत किंवा ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊच नये.

दहाव्या आठवड्यात मी शब्दकोश काढला. डाव्या हाताचा टेकू दिला होता, हे मुलीला सांगितलेले नाही. पट्ट्याने किती झाले आणि काळाने किती, कोण जाणे.