कुलूप शाबूत, खातं रिकामं
पूर्वी लहान शहरातली चोरी म्हणजे मे महिन्याची सुट्टी, बंद घर आणि उचकटलेला कडीकोयंडा. पुढे दुचाकीवरून मंगळसूत्र हिसकावणं सुरू झालं. जुन्या दंड संहितेत त्याला स्वतंत्र कलमच नव्हतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये ते आलं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आता चोर दारापर्यंत येतच नाही, फोन करून खातं रिकामं करतो! ही फसवणूक चोरीच्या रकान्यात मोजली जात नाही. त्यामुळे घरफोड्या घटल्या म्हणून शहर सुरक्षित झालं, असं मानणं भाबडेपणाचं. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्याआधी गोठवता येते; ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा.