गर्भाशयाचे कार्य व कुटुंबाचे कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय चारचौघांत काढावयाचा नव्हे, असे काहींना वाटेल. परंतु ज्या अवयवात आपणा सर्वांचे पहिले नऊ महिने गेले, त्याचे नाव घेण्यात संकोच कसला? आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शिक्षक आहोत. वैद्यशास्त्राने सिद्ध केलेल्या गोष्टी सोप्या करून सांगाव्या, एवढाच आमचा हेतू.

या विषयाशी आपल्या करवीर नगरीचे नाते जुने आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल, त्या अवघ्या चौदा वर्षांच्या असताना, दहा दिवसांतच दगावले. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला व १८८६ साली पदवी मिळविली. येथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सी. पी. आर. मध्ये, स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली. पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच रुग्णालयात स्त्रियांची सेवा केली.

आता मूळ विषयाकडे वळू. गर्भाशय म्हणजे उलट्या धरलेल्या नासपतीच्या आकाराची स्नायूंची पिशवी. लांबी सुमारे ७.५ सेंटिमीटर, वजन सुमारे ६० ग्रॅम. तिला आतून मऊ अस्तर असते. दर महिन्यास बीजकोशातील संप्रेरकांमुळे हे अस्तर गर्भाच्या स्वागतार्थ जाड होते. गर्भ न राहिल्यास संप्रेरके ओसरतात, अस्तर सुटते व रक्तासह बाहेर पडते. ते बाहेर लोटण्यासाठी स्नायू आकुंचन पावतात, म्हणून ओटीपोटात कळा येतात. येणार्‍या बाळासाठी अंथरलेले अंथरूणच ते. त्यात विटाळ कोणता? मुलीला बाजूस बसविण्याऐवजी तिला स्वच्छ कापड, सकस अन्न व थोडी विश्रांती द्यावी.

मात्र रक्तस्रावाचे प्रमाण जाणून घ्यावे. एका पाळीत साधारणतः ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते; ८० च्या वर गेल्यास ते अधिक समजावे. मोठ्या गाठी पडणे, सात दिवसांहून अधिक स्राव होणे, पाळी बंद झाल्यावर वर्षभराने पुन्हा रक्त दिसणे, ही लक्षणे लपवून ठेवण्याची नव्हेत.

गर्भ राहिल्यावर हाच अवयव आश्चर्यकारक रीतीने वाढतो. बाराव्या आठवड्यास तो ओटीपोटाच्या हाडावर हातास लागतो, विसाव्या आठवड्यास बेंबीपर्यंत पोहोचतो, आणि दिवस भरत आल्यावर त्याचे वजन एक किलोच्या आसपास जाते. या काळात रक्ताचा थेंब जरी दिसला, तरी 'पाहू उद्या' असे न म्हणता डॉक्टरांकडे जावे.

प्रसूतीच्या वेळी स्नायूंच्या लयबद्ध कळांनी गर्भाशयाचे मुख सुमारे १० सेंटिमीटर उघडते व बालक बाहेर येते. पुष्कळांना वाटते, येथे काम संपले. वस्तुतः खरी कसोटी यानंतरच असते. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटास अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटताच तेथील रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यांच्याभोवती जाळीप्रमाणे विणलेले स्नायुतंतू घट्ट आवळले जातात आणि रक्त थांबते. स्नायू शिथिल राहिले, तर थोड्याच वेळात मातेच्या जिवावर बेतते. रुग्णालयात तत्काळ इंजेक्शन, औषधे व रक्त मिळू शकते. घरच्या खोलीत यांतले काय मिळणार?

येथेच आपल्या एका जुन्या चालीचा विचार केला पाहिजे. कित्येक घरांत पहिला चीक टाकून देऊन बाळास उशिरा पाजीत असत. बाळ स्तनास लागले की मातेच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते व त्यायोगे गर्भाशय आवळते. म्हणजे तासाभरात पाजणे हे बाळाइतकेच आईच्याही हिताचे आहे. पुढे सुमारे सहा आठवड्यांत गर्भाशय पूर्वस्थितीस येते. तोवर बाळंतिणीला जड काम सांगू नये.

बंधूंनो, शेवटचे दोन शब्द आपणासाठी. रक्तस्रावाची गोष्ट सून सासर्‍यास सांगत नाही, मुलगी बापास सांगत नाही. आपण कानावर हात ठेवले, तर तिने सांगावे कोणास? गर्भवतीला लोहाच्या गोळ्या वेळेवर मिळतात की नाही, हे घरातील पुरुषानेही पाहावे. रुग्णालय कोणते, गाडी कोणाची, रक्त कोण देणार, हे आठव्या महिन्यातच ठरवावे; अडीअडचणीस १०८ क्रमांक लक्षात असावा. लग्नकार्याची तयारी आपण महिनोन्‌महिने करतो. जीव वाचविण्याची तयारी त्याहून कमी कशी चालेल?