वार्धक्य आणि दारावरची सेवा

(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या वृद्धजनांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



ज्युबिली हा शब्द आपणांस जुन्या करारांतून मिळाला आहे. दर पन्नासाव्या वर्षीं इस्राएल लोकांत शिंग फुंकलें जाई, हातची गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत येई आणि दास आपापल्या घरीं परतत. ज्याचें जें हरवलें तें त्यास परत देण्याचा हा सण होय. तेव्हां नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतून येथें जमलेल्या वृद्ध मंडळींना आज आपण काय परत द्यावें? माझें उत्तर असें कीं, त्यांचें मोल.

हें मोल हरवतें कसें? कोणी मुद्दाम अपमान करतो असें नाहीं. शेताची वांटणी होते, सातबाऱ्यावर मुलांचीं नांवें चढतात, घरचे निर्णय पुण्याहून मोबाईलवर होतात, आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यास कोणी कांहीं विचारीनासें होतें. मग तो स्वतःच म्हणूं लागतो, "आतां माझा काय उपयोग? देवानें लवकर न्यावें." २०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांत साठी गांठलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक भरली. त्यांतील किती जणांच्या ओठीं हें वाक्य असेल, तें देवच जाणे.

या वाक्यांत उपयोग आणि मोल हीं एकच मानलीं आहेत. नांगर मोडला कीं तो वळचणीस पडतो, हें खरें. परंतु मनुष्य अवजार नव्हे. बाप्तिस्म्यास आणलेल्या तान्ह्या बाळानें कोणतें काम केलेलें असतें? तरी देव त्यास आपलें लेकरूं म्हणतो. जें मोल कमाईवांचून मिळालें, तें कमाई थांबल्यानें जाणार कसें?

मोल कायम राहतें आणि काम बदलतें. बाळ येशूला मंदिरांत आणलें त्या दिवशीं तेथें विद्वान व याजक कमी नसतील. पण त्यास ओळखलें तें वृद्ध शिमोनानें आणि वृद्ध विधवा हन्नेनें. शिमोनानें बाळास हातांत घेतलें, देवाचे आभार मानले, आशीर्वाद दिला आणि पुढें येणारें दुःखहि मरियेला स्पष्ट सांगितलें. ओळखणें, आशीर्वाद देणें आणि खरें सांगणें, हीं तीन कामें उतारवयांतच अधिक चांगलीं साधतात.

आपल्या मराठी भाषेलाहि याचा अनुभव आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं इंग्लंडमधील जन्मभूमीपासून दूर गोव्यास आले. त्यांचें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण राचोल येथें १६१६ सालीं छापून झालें, तेव्हां त्यांचें वय सुमारें ६७ वर्षांचें होतें. पुढें तीनच वर्षांनीं ते निवर्तले. आयुष्यभर शिकलेली परकी भाषा त्यांनीं अखेरीस प्रभूच्या चरणीं वाहिली, आणि मराठी ख्रिस्ती माणसास ती ठेव लाभली.

कोणी म्हणेल, ते पंडित होते; आम्ही अंगठा उठविणारे. त्यांच्याकरितां त्याच काळांतील संत अल्फोन्सो रोद्रिगेझ यांचें उदाहरण आहे. स्पेनमधील हे कापडाचे व्यापारी. धंदा बुडाला, पत्नी व मुलें मरण पावलीं. चाळिशीच्या सुमारास ते येशूसंघांत साधे बंधू झाले, आणि मायोर्का बेटावरील विद्यालयांत त्यांना दारावर बसण्याचें काम मिळालें. घंटा वाजली कीं प्रभूच दारीं आला आहे असें मानून ते उठत. १६०५ सालीं पेत्र क्लावेर नांवाचा तरुण तेथें शिकावयास आला. सत्तरी ओलांडलेल्या या द्वारपाळानें त्याचें मन ओळखलें व त्यास अमेरिकेंतील सेवेची वाट दाखविली. क्लावेर यांनीं पुढें कार्ताहेना बंदरांत जहाजांतून उतरविल्या जाणाऱ्या आफ्रिकी गुलामांची सुमारें चाळीस वर्षें सेवा केली. १८८८ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं या दोघांना एकाच दिवशीं संत म्हणून घोषित केलें.

बंधुभगिनींनो, आपला ओटा हाच तो दरवाजा होय. दसरा-दिवाळी झाली कीं बालाघाटच्या डोंगरपट्ट्यांतील जोडपीं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, आणि उन्हाळा लागेपर्यंत कित्येक घरांत आजी, आजोबा व नातवंडें एवढींच उरतात. भाकरी थापून मुलास शाळेंत धाडणारी, सांजवेळीं त्याच्याकडून क्रुसाची खूण करवून घेणारी ती आजी निरुपयोगी कशी? घराची कडी तिच्या हातीं आहे, आणि श्रद्धेचीहि.

परंतु ज्यांच्या दारीं कोणी उरलेंच नाहीं, त्यांचें काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें गाडलीं गेलीं. कित्येक म्हाताऱ्यांनीं तरणीं मुलें पुरलीं आणि स्वतः मागें राहिले. त्यांना घाईनें उपदेश करूं नये. पवित्र शास्त्रांतील नामी हीहि पति व दोन्ही पुत्र गमावलेली वृद्धा होती. आपलें जीवन कडू झालें असें तिनें उघड म्हटलें, आणि शास्त्रानें तिला गप्प केलें नाहीं. पुढें सून रूथ हिचें बाळ तिनें छातीशीं धरलें. तें दाविद राजाचा आजा झालें. तें बाळ तिच्या रक्ताचें नव्हतें. शेजारच्या पोरक्या मुलास जवळ घेणाऱ्या वृद्धेनें नामीचाच वारसा चालविला आहे.

शेवटीं, जे अंथरुणास खिळले त्यांच्याविषयीं. म्हातारपणीं दुसराच तुझी कंबर बांधील, असें प्रभूनें पेत्राला सुचविलें, आणि लागलीच आपल्या मागें येण्यास सांगितलें. म्हणजे दुसऱ्याच्या हातून घांस घेणें हेंहि अनुयायित्व आहे. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगास अजूनहि लोक मरणाचा निरोप समजून भितात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालींच स्पष्ट केलें कीं हा संस्कार केवळ अखेरच्या घटकेचा नाहीं. आजारानें वा वार्धक्यानें धोका वाटूं लागला, तीच त्याची योग्य वेळ. धर्मगुरूंना वेळेवर बोलवा. आजाऱ्यास शुद्ध असतांना बोलवा.

तरुणांनो, तुमच्या आईबापांना औषध तुम्ही देतां. आठवड्यांतून एकदां त्यांचा सल्लाहि घ्या, आणि गांवाला निघतांना त्यांचा हात मस्तकीं घ्या. वडीलधाऱ्यांनो, तुम्हीहि कुरकुरीची माळ ओढण्यापेक्षां रोझरीची ओढा. एकेक मणी एकेका नांवानें म्हणा : ऊसाच्या फडांतील मुलाच्या, परगांवच्या लेकीच्या, न बोलणाऱ्या भावाच्याहि.

दारावर बसलेल्यास घंटा केव्हां वाजेल हें ठाऊक नसतें. ती वाजेपर्यंत जागें राहणें, आणि वाजतांच आनंदानें उठणें, एवढेंच त्याचें काम. तें करण्याची कृपा प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांस देवो. आमेन.