आकाशातील आकड्यांचा अर्थ



आज संगणकाच्या पडद्यावर घरोघरी तारांगण उतरले आहे. ‘स्टेलॅरियम’सारख्या विनामूल्य आज्ञावलीत एखाद्या दीर्घिकेवर टिचकी मारली, की तिच्या तेजस्वितेचे आकडे क्षणात समोर येतात. ते वाचून मूल उत्साहाने गच्चीवर जाते, नेमक्या दिशेला दुर्बीण रोखते आणि त्याला काहीच दिसत नाही. मग ते आपल्या डोळ्यांना दोष देते, नाहीतर आकड्यांवरचा विश्वास गमावते. वस्तुतः डोळेही निर्दोष असतात आणि आकडाही; तो केवळ अर्धाच वाचलेला असतो.

ताऱ्यांची प्रतवारी लावण्याची पद्धत प्राचीन ग्रीकांची. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. म्हणून आकडा जितका मोठा, तितके तेज कमी. १८५६ मध्ये नॉर्मन पॉग्सन यांनी तिला गणिती शिस्त दिली. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपटीचा, एका प्रतीचा सुमारे अडीचपटीचा. हेच पॉग्सन पुढे मद्रास वेधशाळेत आले आणि १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच कार्यरत राहिले.

तारा हा बिंदू असल्याने त्याला ही प्रत पुरेशी ठरते. दीर्घिका आणि तेजोमेघ मात्र पसरलेले असतात. चिमूटभर हळद वाटीभर पाण्याला पिवळेधमक करते. तीच हंडाभर पाण्यात जेमतेम जाणवते. आज्ञावलीतील ‘प्रत’ ही साऱ्या हळदीची बेरीज असते. पाण्याचा रंग सांगणारा आकडा वेगळा, तो म्हणजे पृष्ठतेज.

त्रिकोण तारकासमूहातील मेसिए ३३ या दीर्घिकेची प्रत सुमारे ५.७, तर स्वरमंडलातील कंकणाकृती तेजोमेघाची, म्हणजे मेसिए ५७ची, सुमारे ८.८ आहे. बेरजेत दीर्घिका सुमारे सतरापट तेजस्वी ठरते. परंतु तिची लांबी एक अंशाहून अधिक, तर तेजोमेघाची दीड कलेहूनही कमी. त्यामुळे दर चौरस विकलेमागे दीर्घिकेचे पृष्ठतेज सुमारे २३, तर तेजोमेघाचे १८च्या आसपास येते. येथे तेजोमेघच शंभरपटीहून अधिक उजळ!

शहरातील आकाशाचे स्वतःचे पृष्ठतेज १८च्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही उजळ असते; गर्द काळोख्या गावी ते २२च्या जवळ जाते. म्हणून शहरातून लहान दुर्बिणीला कंकण गवसू शकते, दीर्घिका मात्र उजेडात बुडून जाते. दुर्बीण वस्तू मोठी करून दाखवते. पसरलेल्या वस्तूचे पृष्ठतेज ती वाढवू शकत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. काही आज्ञावली पृष्ठतेज चौरस कलेमागे देतात, काही चौरस विकलेमागे; दोन्हींत सुमारे ८.९ प्रतींचा फरक पडतो, म्हणून एकक आधी पाहावे. शिवाय हा आकडा सरासरीचा असतो. देवयानी दीर्घिकेचा गाभा त्याहून पुष्कळ उजळ, कडा फार फिक्या असतात.

तेव्हा पालकांनी मुलांना प्रत, आकार आणि पृष्ठतेज हे तिन्ही आकडे एकत्र वाचण्याची सवय लावावी. कार्तिक-मार्गशीर्षातील एखाद्या अमावस्येला त्यांना शहराबाहेर न्यावे. देवयानी आणि त्रिकोण तेव्हा सायंकाळनंतर माथ्यावर येतात. शहरात न दिसलेली दीर्घिका तेथे साध्या द्विनेत्रीतून धूसर डागासारखी उमटली, की आकडा खोटा नव्हता आणि आपले डोळेही अधू नव्हते, हे त्या मुलाला कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.