खेळाडूचे नाव आणि त्याची मालकी

महाविद्यालयीन खेळाडूने समाजमाध्यमांवर स्वतःचा ‘ब्रँड’ उभा करणे, म्हणजे आपल्या नावाभोवती अशी ओळख आणि असा विश्वास निर्माण करणे की ज्याच्या बळावर एखाद्या कंपनीचा माल खपावा, ही गोष्ट प्रथम अमेरिकेत क्रीडाव्यवस्थेचा भाग बनली. तेथील विद्यापीठीय क्रीडासंघटनेने, एनसीएएने, विद्यार्थी-खेळाडूला स्वतःच्या नावावर वा छायाचित्रावर पैसे मिळविण्यास केलेली मनाई १ जुलै २०२१ रोजी उठली. मराठवाड्यातील धर्माबादच्या खेळाडूपुढील अडचण मात्र मनाईची नाही, ती खुराक, बूट आणि स्पर्धेच्या प्रवासखर्चाची आहे; शिवाय येथे पदकाचे मोल आजवर मुख्यतः प्रमाणपत्रात मोजले गेले, कारण शासकीय नोकरीतील ५ टक्के खेळाडू-आरक्षणाचा लाभ त्याच कागदावर मिळतो.

खेळाडूचे नाव पूर्वीही गाजत असे, पण ते गाजविणारे दुसरे असत. यात्रेतील कुस्तीच्या फडात हलगी कडाडत असताना मल्लाचे नाव पुकारले जाते, ते त्याच्या गावासह, तालमीसह आणि वस्तादासह. त्याची कीर्ती ही सामाईक ठेव मानली जाते. मल्ल खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाऊ शकले, ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या ७ हजार रुपयांच्या आणि लोकवर्गणीच्या आधारावर. कांस्यपदक घेऊन परतल्यावर कुस्त्या लढून त्यांनी ते कर्ज फेडले. हा इतिहास अभिमानाचा आहे, तथापि खेळाडूने सदैव कोणाच्या तरी औदार्याची वाट पाहावी, ही त्याची दुसरी बाजू क्लेशकारकच म्हटली पाहिजे. आजचा विद्यार्थी हातातील मोबाईलच्या आधारे आपल्या कीर्तीचा मोबदला स्वतः मागू लागला असेल, तर त्याला उथळ ठरविणे अन्यायाचे आहे.

अडचण निराळीच आहे, आणि ती समाजमाध्यमाच्या नजरेत आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारतीय महिला संघाने बीड जिल्ह्याच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली जिंकला. या खेळाच्या अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये मावतो तो खांबावरचा सूर. पारंपरिक पद्धतीत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आठ गडी, त्यांनी आवळत आणलेली बचावपटूची वाट आणि नेमक्या क्षणी दिलेला खो, यांतले काहीच तिच्यात दिसत नाही. साहजिकच सूर मारणाऱ्याला अनुयायी मिळतात, आणि तो सूर ज्याच्या खोमुळे शक्य झाला तो अनामिक राहतो. सांघिक खेळांची परंपरा असलेल्या मराठवाड्यात ही विषमता संघाच्या मुळावर येऊ शकते.

कमाईचा व्यवहार कायद्याच्या कक्षेत येतो, याची जाणीवही पुरेशी पसरलेली नाही. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार रोख पैसे घेतले नसले, केवळ प्रोटीन पावडरचा डबा फुकट स्वीकारला असला, तरी तो लाभ प्रेक्षकांना स्पष्ट सांगावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याहून मोठा धोका त्या डब्यातच असू शकतो, कारण उत्तेजकविरोधी नियमांनुसार शरीरात सापडलेल्या प्रतिबंधित द्रव्याची जबाबदारी, ते कसेही आले असले तरी, खेळाडूचीच असते. म्हणून करारावर सही होण्यापूर्वी महाविद्यालयाच्या क्रीडासंचालकाने तो खेळाडूसोबत ओळ न् ओळ वाचावा. छायाचित्र किती वर्षे वापरले जाणार आणि दुखापत झाल्यास पैसे थांबणार का, हे दोन प्रश्न तरी त्या बैठकीत लेखी सुटावेत.