विस्मरण हसण्यावारी नेऊ नये

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई आकारास आली. येथे तरुणपणी आलेली पिढी आज वृद्ध झाली आहे. रोजच्या सेक्टरात घराची वाट न सापडणे हे केवळ म्हातारपण नव्हे. तो स्मृतिभ्रंश असू शकतो. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लक्ष व्यक्तींना तो असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, एकाकीपणा यांसारख्या १४ धोक्यांना आळा घातल्यास सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकतो वा लांबू शकतो, असे ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये नमूद केले. सेवेने थकलेल्या कुटुंबीयांनाही आधार हवा. त्यांच्यासाठी २०२२ पासून ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी अहोरात्र उपलब्ध आहे. तपासणी मात्र वेळीच व्हावी.