स्वाध्याय : शिक्षण आयुष्यभराचे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात इतवारी, नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा विश्वस्त मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी पंडित नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि त्यानंतर चार दशके इतवारीत कापडाच्या पेढीवर बसलो, एवढीच माझी ओळख. विषय मात्र मी आपण होऊन मागून घेतला. शिक्षणावर आपल्या समाजात भाषणे पुष्कळ होतात. परंतु ती बहुधा मुलांना उद्देशून असतात. गुणवंतांचा सत्कार, शिष्यवृत्ती, वह्यांचे वाटप, वसतिगृहाला देणगी हे सारे आपण निष्ठेने करीत आलो आहोत. आज मला बोलायचे आहे ते चाळिशी, साठी, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांविषयी, म्हणजे पहिल्या चार रांगांत बसलेल्या आपणां सर्वांविषयी.

स्वाध्याय हा शब्द आपल्याला नवा नाही. देवपूजा, गुरूपास्ती, स्वाध्याय, संयम, तप आणि दान ही श्रावकाची सहा नित्यकर्मे आपण लहानपणीच पाठ केली. त्यात स्वाध्यायाला वयाची अट नाही आणि निवृत्तीचे वर्षही नाही. किंबहुना आचार्यांनी स्वाध्यायाची गणना अभ्यंतर तपात केली आहे. उपवासाचे तप लोकांना दिसते, त्याची मिरवणूक निघते, पारण्याला मंडप पडतो. स्वाध्यायाचे तप कुणाला दिसत नाही, म्हणून की काय, ते मागे पडले. त्याची वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश ही पाच अंगे तत्त्वार्थसूत्रात सांगितली आहेत. यांतील दुसऱ्या अंगाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. पृच्छना म्हणजे विचारणे. शास्त्रसभेत आपण श्रद्धेने बसतो, माना डोलावतो आणि घरी जातो. प्रश्न कोणी विचारीत नाही. ज्या परंपरेने शंका विचारण्याला तपाचा दर्जा दिला, तिच्या सभेत ही शांतता मला शोभादायक वाटत नाही.

व्यापाऱ्याला एवढे शिकून काय करायचे, हा प्रश्नही जुनाच आहे. आग्र्याचे कविवर बनारसीदास हे आपल्यासारखेच वाणी. इ. स. १५८६ चा जन्म. फार शिकणे हे इतरांचे काम, वाण्याच्या मुलाने दुकानात बसावे, असा उपदेश त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांनी केला होता, आणि तो त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात नमूद करून ठेवला आहे. व्यापारात त्यांना यश थोडे आणि ठोकर फार, हेही त्यांनी लपविले नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना आग्र्यास पांडे रूपचंद नावाचे विद्वान आले. त्यांच्यापाशी बसून व्यापारीमंडळींनी गोम्मटसाराचा अभ्यास केला. त्या मंडळींत बनारसीदास होते. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘समयसार नाटक’ पूर्ण झाले, आणि पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, ‘अर्धकथानक’. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून त्यांनी अर्ध्याच कथेला हे नाव दिले होते. पुढचे अर्धे त्यांना लाभले नाही; परंतु पंचावन्नाव्या वर्षी आपण निम्म्यावर आलो, असे मानणारा मनुष्य मला फार आवडतो.

आग्रा दूर राहिले. आपल्या विदर्भाकडे येऊ. षट्खंडागमावरील आचार्य वीरसेनांची ‘धवला’ ही महान टीका नवव्या शतकातील. शतकानुशतके तिची ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्रीच्या भांडारात, कन्नड लिपीत, पूजेत होती, वाचनात नव्हती. दर्शनाला गेलेले यात्रेकरू बाहेरूनच नमस्कार करून परतत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईचे सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी आणि सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी या ग्रंथांच्या प्रती करवून घेण्याचा ध्यास घेतला. दोघेही व्यापारी. केवळ नमस्कार करून त्यांचे समाधान झाले नाही. पोथीत काय लिहिले आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

त्या प्रतींवरून धवलेचे संपादन झाले ते आपल्या अमरावतीस. डॉ. हिरालाल जैन हे तेथील किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. पुढे नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात आले. त्याआधी त्यांनी कारंज्याच्या मंदिरांतील ग्रंथभांडारे धुंडाळून पुष्पदंतांचे ‘णायकुमारचरिउ’ आणि मुनी कनकामरांचे ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश ग्रंथ प्रकाशात आणले होते. धवलेचा पहिला खंड हिंदी अनुवादासह १९३९ मध्ये निघाला, आणि एकूण सोळा खंड पूर्ण होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. काम हाती घेतले तेव्हा हिरालालजी चाळिशीला आले होते. अशा ग्रंथाचे संपादन करणाऱ्याला कर्मसिद्धांताची परिभाषा पंडितांपाशी बसून उलगडावी लागते आणि पाठ पुनःपुन्हा ताडून पाहावे लागतात. पंडित फूलचंद्र शास्त्री, पंडित हिरालाल शास्त्री आणि कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे साहाय्य त्यांना लाभले. प्राध्यापकाने पुन्हा विद्यार्थी होण्याची ती वीस वर्षे होती, असे मी म्हणेन.

याच काळात एक वादही गाजला. गृहस्थाला सिद्धांतग्रंथ वाचण्याचा अधिकार आहे काय? काही मंडळींचे मत अधिकार नाही, असे होते. हिरालालजींनी या प्रश्नाचा शास्त्राधारे परामर्श घेतला आणि ग्रंथ सर्वांपुढे ठेवला. आज तो अधिकार आपल्याला कुणी नाकारीत नाही. खंड कपाटात आहेत, आणि कपाटाला कुलूप आहे. श्रुतपंचमीला ते उघडते, ग्रंथांवर नवे वेष्टन चढते, पूजा होते आणि पुन्हा कुलूप लागते. मूडबिद्रीच्या भांडारापासून आपण किती पुढे आलो, याचा विचार विश्वस्तांनीच करावा.

कुणी म्हणेल, ते अवघड आहे, आपल्याला काय कळणार? एक उदाहरण देतो. धवलेत गणित आहे. चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा त्यावर स्वतंत्र लेख आहे. तेथे ‘अर्धच्छेद’ नावाची एक संकल्पना येते. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. बत्तीस मीटरचा तागा घ्या. घडी घातली, सोळा. पुन्हा घातली, आठ. मग चार, दोन, एक. पाच घड्या झाल्या, म्हणून बत्तीसचा अर्धच्छेद पाच. आजचे गणिती यालाच दोन या पायाचा लॉगॅरिदम म्हणतात. आपल्या दुकानातील नोकर दिवसातून शंभर वेळा जे करतो, ते वीरसेनाचार्यांनी बाराशे वर्षांपूर्वी सिद्धांतात मांडले होते. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो.

प्राकृत भाषेचेही तसेच. आपण तिला परकी समजतो; पण हत्थ म्हणजे हात, कम्म म्हणजे काम, अज्ज म्हणजे आज. आणि ‘सुत्त’ म्हणजे सूत्र, तसेच सूतही. कापडवाल्याला याहून जवळचा शब्द कोणता? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला. त्याच निर्णयात प्राकृतलाही तो दर्जा मिळाला, ही गोष्ट मात्र आपल्यातील किती जणांच्या ध्यानात आली?

हे झाले धर्मग्रंथांचे. व्यवहाराकडे वळतो, कारण तेथे आपली परीक्षा रोज होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी आपल्या नागपुरात सुरू झाली. तिचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे मूळचे रेल्वेच्या मालविभागातील. कापडधंद्याचा त्यांना गंधही नव्हता. जमशेटजींनी त्यांची शिकण्याची तयारी पाहिली, पूर्वानुभव पाहिला नाही. लँकेशायरचे गिरणीमालक जुन्या चात्या सोडावयास तयार नसताना या मिलने १८८३ च्या सुमारास अमेरिकन रिंग चात्या मागवून स्वतः प्रयोग करून पाहिले आणि नंतरच स्वीकारल्या. प्रयोग करून पाहणे हीदेखील पृच्छनाच. ती मिल २००२ मध्ये बंद झाली, आणि तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे.

आपलाही अनुभव आठवा. कापडावर विक्रीकर नव्हता. १९५७ पासून त्याऐवजी अतिरिक्त उत्पादन शुल्क गिरणीतच वसूल होई. दुकानदाराला विवरणपत्राची झळ नव्हती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. सुरतेच्या बाजारात हरताळ झाला. आपल्या बाजारातही ‘आता धंदा मुलांकडे द्यावा’ असेच उद्गार निघाले. आणि झाले काय? सत्तरी ओलांडलेल्या व्यापाऱ्यांनी नातवंडांना शेजारी बसवून एचएसएन क्रमांक, पोर्टल, पासवर्ड सारे सहा महिन्यांत आत्मसात केले. तेव्हा या वयात शिकणे होत नाही, ही सबब आपल्याला वापरता येणार नाही. कराच्या धाकाने जे साधले, ते जिज्ञासेने साधू नये काय?

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. आपल्याच शेजारी, गोळीबार चौक आणि तांडापेठेकडे, हातमागावर नागपुरी लुगडी विणणारी शेकडो घरे होती. आपल्या पेढ्या त्यांच्या मालावर उभ्या राहिल्या. यंत्रमाग आला, पोत बदलला, मागणी बदलली. आम्ही व्यापाऱ्यांनी माल बदलला आणि निभावलो. विणकराला नवे शिकण्याची संधी मिळाली नाही आणि त्याच्या घरचा माग थांबला. त्याच्या अंगी कौशल्य आपल्यापेक्षा कमी नव्हते. त्याच्यापाशी उसंत नव्हती, शिकविणारा नव्हता आणि शिकण्याच्या काळात घर चालेल एवढी पुंजी नव्हती. आयुष्यभर शिकत राहणे हा व्यक्तीचा गुण मानला जातो. परंतु तो समाजाने करून द्यावयाच्या सोयीचाही प्रश्न आहे. युनेस्कोच्या एडगर फॉर समितीने १९७२ मध्ये हेच सांगितले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही प्रौढशिक्षणाला स्वतंत्र प्रकरण आहे. धोरणे दिल्लीत होतात. खोली, दिवा आणि शिक्षक गल्लीत लागतो.

भगिनींविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सेठ माणिकचंदजींची कन्या मगनबाई हिला अकाली वैधव्य आले. वडिलांनी तिला घरात कोंडून न ठेवता शिकविले, आणि तिने मुंबईस श्राविकाश्रम उभारून आपल्यासारख्या अनेकींना शिकविले. ही शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट. अलीकडची सांगावयाची तर ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांचा त्यात पुढाकार. साठी-सत्तरीच्या, काही तर नव्वदीच्या घरातल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. पोथी आपल्यालाही वाचता यावी, एवढीच त्यांची इच्छा. आपल्या घरांतील माता-भगिनींना अक्षरओळख आहे. परंतु बँकेचा अर्ज, मृत्युपत्र, मोबाईलवरून होणारा पैशाचा व्यवहार यांसाठी त्या आजही मुलाच्या येण्याची वाट पाहतात. फसविणारे लोक मात्र वाट पाहत नाहीत.

विश्वस्त मंडळापुढे मी एक प्रस्ताव लेखी ठेवला आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृहाला संगमरवर बसविण्याची सूचना आलेली आहे. ती रास्त असेलही. परंतु त्या निधीच्या व्याजातील एक हिस्सा शिक्षकाच्या मानधनासाठी राखून ठेवावा. येत्या श्रुतपंचमीपासून तीन वर्ग सुरू व्हावेत : आठवड्यातून एक दिवस प्राकृत आणि धवलेचे वाचन, एक दिवस बँक, कर व मोबाईलचे व्यवहार, आणि एक दिवस लिहिणे-वाचणे. हा तिसरा वर्ग बाजारातील हमाल, शिलाई करणारे, विणकर, कुणाही ज्ञातीच्या प्रौढासाठी खुला असावा. वेळ दुकाने वाढविल्यानंतरची. वर्गात प्रश्न विचारण्यास पूर्ण मुभा राहील, आणि कपाटाची किल्ली वर्गाच्या शिक्षकाकडे राहील.

नावे नोंदविण्यासाठी कार्यालयात वही ठेवली आहे. पहिल्या ओळीत मी माझे नाव लिहिले आहे. दुसरी ओळ अध्यक्ष महोदयांसाठी मोकळी सोडली आहे.

जय जिनेन्द्र.